पूना क्लबवरून पुढे गेलेले

भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावांची गोष्ट पुण्यात कुणालाही विचारली, तर तो ती शेवटाकडून सांगतो. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या जागतिक विक्रमाला अवघ्या नऊ धावा उरलेल्या. आणि मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायला नकार देतात. विक्रमाच्या पानावर आपल्या संघाचं नाव अशा रीतीने लागलेलं त्यांना नको होतं. सामना तिथेच संपला.

आमच्या घरी मात्र ही गोष्ट सुरू व्हायची ती दुसऱ्या टोकापासून. माझे आजोबा, ज्यांना वाड्यातले सगळेच आप्पा म्हणत, निंबाळकरांचं नाव निघालं की आधी मान हलवायचे आणि म्हणायचे, "आणि भांडारकर कुठे गेला?" निंबाळकर खेळायला आले तेव्हा समोर कमल भांडारकर होते. सलामीला यायचे, यष्टिरक्षण करायचे. त्या डावात त्यांनी २०५ धावा काढल्या. दोघांनी मिळून दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भर घातली, आणि दुसऱ्या विकेटचा तो जागतिक विक्रम तब्बल १९७४ पर्यंत टिकला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये वॉरविकशायरच्या जेमसन आणि कन्हाय यांनी नाबाद ४६५ धावा करून तो मोडला. निंबाळकरांचा जागतिक विक्रम नऊ धावांनी हुकला, भांडारकरांच्या वाट्याचा अर्धा विक्रम पंचवीस वर्षं उभा होता. तरी ते नाव आज किती जणांना सांगता येईल?

आप्पा मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून होते. शनिवार पेठेतून सायकलवर टांग मारायची, नवा पूल, मग संगम पूल, स्टेशन मागे टाकून पूना क्लब. रजा मिळाली तर सकाळपासून, नाहीतर कचेरी सुटल्यावर शेवटच्या तासापुरते. जाताना एक वही न्यायचे आणि चेंडू न् चेंडू लिहून काढायचे. भांडारकरांच्या त्या डावातलं त्यांना काय आठवायचं, तर पळणं. निंबाळकर मारत सुटले होते तेव्हा समोरचा माणूस एकेक धाव घेऊन त्यांना परत स्ट्राइक देत होता आणि दिवसभर पळत होता, असं ते सांगत. आप्पांना खेळ असाच दिसायचा. धाव कुणी काढली यापेक्षा ती कुणी काढू दिली, इकडे त्यांचं लक्ष. भांडारकर अधिकृत कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. पुढे पुण्यात प्रशिक्षक झाले, आणि इथल्या मैदानांवर घडलेल्या खेळाडूंच्या कितीतरी पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या.

महाराष्ट्राच्या संघावर प्रेम करायचं तर असल्या नावांवरच करावं लागतं. रणजी करंडक आपण दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ साली, दोन्ही वेळा प्रोफेसर देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर एकदाही नाही. मुंबईच्या चाहत्याला विजेत्यांची यादी पाठ असते. आम्हाला येऊन गेलेल्या माणसांची पाठ असते. आमचा संघ म्हणजे दौंड जंक्शन होता. इथे उतरायचं, थोडा वेळ थांबायचं आणि दुसरी गाडी पकडून पुढे जायचं.

सांगलीचे विजय हजारेसुद्धा असेच गेले. १९३९-४० च्या मोसमात त्यांनी महाराष्ट्रासाठी नाबाद ३१६ धावा केल्या, रणजी करंडकातलं पहिलं त्रिशतक. समोरचा संघ होता बडोद्याचा. थोड्याच काळात हजारे बडोद्याच्या महाराजांच्या चाकरीत होते आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी त्याच बडोद्यासाठी धावा केल्या. आप्पांनी याचा राग कधी धरला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: खेळाडूलाही पगार लागतो. बडोदा आणि होळकर ही संस्थानं खेळाडूला पदरी ठेवून घेत, हुद्दा देत, पोटापाण्याची काळजी मिटवत. मुंबईत मोठ्या कंपन्या होत्या, त्यांचे संघ होते, नोकरीबरोबर खेळही चालायचा. पुण्यात होती ती प्रोफेसरकी, कारकुनी आणि लष्कराच्या कचेऱ्या. खुद्द देवधर संस्कृत शिकवून क्रिकेट खेळत. निंबाळकर पुढे होळकरांकडून खेळले, नंतर रेल्वेकडून. कोल्हापूरचे दत्तू फडकर सुरुवातीला महाराष्ट्राकडून खेळले आणि मग मुंबईचे झाले. चंदू सरवटेही काही काळ आमचे होते, नंतर होळकरांचे झाले.

या जाणाऱ्यांत आप्पांचा जीव सर्वांत जास्त जडला होता तो सदू शिंद्यांवर. लेगब्रेक आणि गुगली टाकणारा विशीतला पोरगा. १९४३-४४ च्या मोसमात ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबईने महाराष्ट्राविरुद्ध ७३५ धावा केल्या, त्यात विजय मर्चंट नाबाद ३५९. मर्चंटांचा तो डाव सगळ्या पुस्तकांत आहे. त्याच डावात शिंद्यांनी ७५.५ षटकं टाकली आणि १८६ धावांत ५ बळी घेतले. पाऊणशे षटकं! बोटांची सालं निघत असतील, खांदा भरून आला असेल, आणि समोर मर्चंट आहेत की हलायचं नाव काढत नाहीत. आप्पा तो सामना पाहायला गेले नव्हते. वर्तमानपत्रातली गोलंदाजीची ओळ त्यांनी वहीत उतरवून घेतली होती आणि ती ते मला बोट ठेवून वाचायला लावत. शिंदे नंतर बडोद्याकडून खेळले, मुंबईकडून खेळले. भारतासाठी सात कसोटी सामने खेळले, १९५१ साली दिल्लीत इंग्लंडचे ६ बळी ९१ धावांत घेतले, आणि १९५५ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले. आज त्यांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा शरद पवारांचे सासरे म्हणून. मला हे फार लागतं. माणसाची स्वतःची ७५.५ षटकं असताना त्याला नात्याने ओळखावं लागू नये.

वसंत रांजणे आप्पांनी डोळ्यांनी पाहिले. १९५६-५७ चा मोसम, खडकवासल्याचं मैदान, समोर सौराष्ट्र. रांजण्यांचा प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना. पहिल्या डावात ३५ धावांत ९ बळी, त्यात हॅटट्रिक, आणि दुसऱ्या डावात आणखी ४. पहिल्याच सामन्यात १३ बळी! एवढ्या लांब सायकल मारून गेल्याचं आप्पांच्या पायांनी रात्रभर सांगितलं, असं आजी म्हणायची. दोन वर्षांनी, डिसेंबर १९५८ मध्ये, रांजणे कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळले. ही कसोटी सुभाष गुप्त्यांची. वेस्ट इंडिजच्या पहिल्या डावात त्यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. राहिलेला एक बळी, लान्स गिब्जचा, रांजण्यांनी त्रिफळा उडवून घेतला. त्यामुळे गुप्त्यांच्या पराक्रमाची गोष्ट निघाली की रांजण्यांचं नाव जरा हळहळून घेतलं जातं, जणू त्यांनी एक विकेट घेऊन काही बिघडवलं. आप्पा यावर चिडत. ज्या माणसाने खडकवासल्याला नऊ घेतले त्याला नऊची किंमत इतरांपेक्षा जास्त कळत होती, आणि पहिल्या कसोटीत चेंडू हातात आल्यावर गोलंदाजाने स्टंप सोडून टाकायचा का? रांजण्यांना सात कसोटी मिळाल्या, त्याही १९५८ ते १९६४ या सहा वर्षांत विखुरलेल्या. अशात कुणाचा जम बसणार?

पुढच्या गोष्टी बाबांच्या. त्यांना आप्पांसारखा धीर नव्हता, त्यांना जिंकायचं होतं. त्यांच्या आयुष्यातली मोठी आशा १९७१ ची. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मंकड हे सगळे भारताच्या संघातून वेस्ट इंडिजला गेलेले, आणि इकडे रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर महाराष्ट्र. आता नाही तर कधी? सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखालच्या त्या उरल्यासुरल्या मुंबईने आम्हाला ४८ धावांनी हरवलं. बाबा तो विषय काढू देत नसत.

ते बोलायचे हेमंत कानिटकरांबद्दल. जन्म अमरावतीचा, खेळ पुण्याचा, यष्टिरक्षक आणि फलंदाज. वर्षानुवर्षं धावा करून अखेर नोव्हेंबर १९७४ मध्ये बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध संधी मिळाली तेव्हा तिशी उलटली होती. याच कसोटीत ग्रीनिज आणि व्हिव्हियन रिचर्ड्स यांनीही पदार्पण केलं. अँडी रॉबर्ट्सचा मारा, आणि कानिटकरांनी पहिल्या डावात ६५ केल्या. पुढे १८, आणि दिल्लीच्या कसोटीत ८ आणि २०. संपलं. चार डाव, १११ धावा. त्यांचा मुलगा हृषीकेश नंतर भारताकडून खेळला, ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध मारलेल्या त्याच्या एका चौकाराने ओळखला गेला. आमच्या घरात त्या दिवशीही बाबा टीव्हीसमोर बापाच्या ६५ धावांबद्दल बोलत होते.

यजुर्वेंद्र सिंग मला स्वतःला आठवतात. जन्म राजकोटचा, घराणं काठियावाडातलं, खेळत होते महाराष्ट्राकडून. ज्या राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी पूना क्लबवरून संघ काढून नेला, त्याच राजकोटचा एक खेळाडू तीन दशकांच्या आत पुण्याच्या संघात उभा होता, आणि आप्पांना त्याचं कोण कौतुक. जानेवारी १९७७ मध्ये बंगळूरला इंग्लंडविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्यांनी सात झेल घेतले आणि एका कसोटीतल्या क्षेत्ररक्षकाच्या झेलांच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. चंद्रशेखर, बेदी, प्रसन्ना यांच्या गोलंदाजीवर बॅटच्या तोंडाशी उभं राहायचं म्हणजे अंगावर घ्यायची तयारी हवी, आणि तेव्हा हेल्मेटही नव्हतं. भारत ती कसोटी जिंकला. यजुर्वेंद्र एकूण चार कसोटी खेळले. पुढे तेही गेले, सौराष्ट्राकडे.

या सगळ्यांना आमच्या घरात आवाज दिला तो बाळ ज. पंडितांनी. रेडिओवरचं त्यांचं मराठी समालोचन ऐकताना मैदान दिसायचं. पंडित स्वतःही कधीकाळी महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते, हे मला फार उशिरा समजलं. इतरांच्या धावा इतक्या जिव्हाळ्याने मोजणाऱ्या या माणसाने स्वतःच्या खेळाबद्दल माइकवर काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

मधुसूदन रेग्यांची गोष्ट मी मागे ठेवली, कारण ती आप्पांची नाही, आजीची आहे. आजीला क्रिकेटमधलं फार कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण ती पनवेलची होती आणि रेगेही पनवेलचे. ओळख ना पाळख, एवढंच नातं. लग्न होऊन पुण्याच्या वाड्यात आलेल्या त्या मुलीला पेपरात आपल्या गावच्या माणसाचं नाव दिसलं, आणि ते तिने जन्मभर धरून ठेवलं.

१९४८-४९ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात होता. जानेवारीच्या अखेरीस मद्रासला चौथी कसोटी. रेगे संघात आले. आधी मैदानात उभं राहून पाहुण्यांच्या ५८२ धावा पाहायच्या, त्यात ऑलन रे आणि स्टोलमायर यांची २३९ धावांची सलामी, आणि मग तेज गोलंदाजीसमोर नव्या चेंडूवर जायचं. रेग्यांच्या धावा १५ आणि ०. भारत एक डाव आणि १९३ धावांनी हरला. चारच दिवसांनी मुंबईला पाचवी कसोटी सुरू झाली आणि त्या संघात रेगे नव्हते.

ती मुंबईची कसोटी म्हणजे आपल्या क्रिकेटमधली एक जुनी जखम. भारताला जिंकायला ३६१ हव्या होत्या. हजाऱ्यांनी १२२ केल्या, शेवटी फडकर नाबाद ३७ वर खेळत होते. दोघेही एकेकाळचे महाराष्ट्राचे. ८ बाद ३५५ झाल्या, सहा धावा हव्या होत्या, आणि वेळ पुरती संपण्याआधीच पंचांनी बेल्स उचलल्या. भारताचा पहिला कसोटी विजय तिथे हुकला आणि तो १९५२ पर्यंत लांबला.

आजीचं गणित सरळ होतं. "आमच्या पनवेलच्या मुलाला ठेवलं असतं, तर त्या सहा धावा झाल्या नसत्या का?"

आप्पा यावर हसत नसत. कारण महिन्याभरानंतर काय घडलं ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. मार्च १९४९, पुन्हा पूना क्लब, रणजीचा उपांत्य सामना, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई. तेव्हा असे सामने निकाल लागेपर्यंत चालत. मुंबईने ६५१ केल्या. नाशिकला जन्मलेल्या माधव मंत्र्यांनी द्विशतक ठोकलं. महाराष्ट्राने ४०७ केल्या, त्यात रेगे १३३. मुंबईने फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजी केली, ८ बाद ७१४ वर डाव सोडला. उदय मर्चंटांनी दोन्ही डावांत शतकं केली, १४३ आणि १५६. विजय मर्चंटांचे हे भाऊ एकही कसोटी खेळले नाहीत. कोल्हापूरच्या फडकरांचीही दोन शतकं, १३१ आणि १६०, आणि ती आमच्याविरुद्ध! महाराष्ट्राला आता चौथ्या डावात ९५९ धावा करायच्या होत्या.

असल्या वेळी माणूस काय करतो? सहा-सात दिवस उन्हात उभं राहून झालेलं, आकडा अशक्य, निवड समितीने नाव खोडलेलं. रेग्यांनी दुसऱ्या डावात पुन्हा शतक केलं, १००. दातारांनी १४३ केल्या, प्रोफेसर देवधरांचे चिरंजीव शरद देवधर यांनी १४६. संघ ६०४ पर्यंत गेला. ३५४ धावांनी हरला. एका सामन्यात २३७६ धावा आणि नऊ शतकं, प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये इतक्या धावांचा सामना दुसरा नाही. आप्पांच्या वहीची पानं संपली होती आणि शेवटचा डाव त्यांनी कचेरीच्या जुन्या फायलीच्या पाठकोऱ्या कागदांवर उतरवला. ते कागद वहीला दोऱ्याने शिवलेले होते.

सामन्याच्या शेवटच्या दिवसांत मैदानावर माणसं का येत राहिली, हे मी त्यांना विचारलं होतं. निकाल तर कधीच कळला होता. "निकाल आपल्याला पेपरात वाचता येतो," आप्पा म्हणाले. "ती माणसं खेळत होती ना, मग बघायला कुणीतरी नको?"

रेगे पुन्हा कसोटी खेळले नाहीत. आजीने तो हिशेब कधी मिटवला नाही, आणि एकदा जेवताना विषय निघाल्यावर आप्पांनी तिला विचारलं, "अगं, मग त्या मुंबईच्या कसोटीतून काढायचं कुणाला?" तिला नावं कुठे ठाऊक होती? आप्पांनीच अकरा नावं घेतली. शूट बॅनर्जींपाशी ते थांबले. हे तेच बॅनर्जी, ज्यांनी १९४६ मध्ये ओव्हलला सरेविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन शतक केलं आणि सरवट्यांबरोबर शेवटच्या विकेटला २४९ धावा जोडल्या. मुंबईच्या कसोटीत त्यांना पहिल्यांदा संधी मिळाली ती सदतिसाव्या वर्षी. त्यांनी सामन्यात पाच बळी घेतले. आणि ती त्यांची एकमेव कसोटी ठरली.

आजी वाढता वाढता थांबली. "तो कुठला?"

"कलकत्त्याचा."

"मग त्याला नका काढू," ती म्हणाली. "तिथेही कुणी धरून बसली असेल."